माशांच्या खाद्यातील वनौषधी : रत्नागिरीच्या अंगाने एक इतिहास

मत्स्यशेतीत वाढवलेल्या माशांना आणि कोळंबीला खाद्यातून वनौषधी देण्याची रीत भारतात जेमतेम तीस-पस्तीस वर्षांची आहे. गुळवेल, तुळस, हळद, अश्वगंधा, माका ही औषधे जुनी. ती माशाच्या खाद्यात मिसळण्याची कल्पना मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीची. मत्स्यखाद्यात घालायच्या पुड्यांची जाहिरात करताना हजारो वर्षांच्या आयुर्वेदिक परंपरेचा दाखला सर्रास दिला जातो. औषधांपुरता तो खरा आहे, माशांपुरता नाही. वनस्पतीचा माशावर काय परिणाम होतो याचे ज्ञान कोकणात पिढ्यान्‌पिढ्या होते, पण ते मासा मारण्याचे ज्ञान होते. मासा वाचवण्यासाठी त्याच रानाकडे वळण्याची वेळ आली ती साथीचे रोग आणि प्रतिजैविके यांच्या कात्रीत मत्स्यशेती सापडली तेव्हा. रत्नागिरी जिल्ह्यात या इतिहासाचे बहुतेक दुवे हाताच्या अंतरावर सापडतात. खाडीकाठची खाजणे, सह्याद्रीच्या उतारावरचे औषधी रान, शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आणि दरवर्षी ढिगांनी फेकली जाणारी आंब्याची कोय, सगळे एकाच जिल्ह्यात आहे.

जुन्या भारतीय ग्रंथांत पशुवैद्यक भरपूर आहे. शालिहोत्राच्या नावाने अश्ववैद्यक चालत आले, पालकाप्याच्या नावाने हत्तींचे. मासा मात्र या परंपरेत रोगी म्हणून येत नाही, तो आहार म्हणून येतो. चरकसंहितेत मत्स्यमांसाचे गुण सांगितले आहेत, रोहित माशाची वाखाणणी आहे, दुधाबरोबर मासे खाऊ नयेत असा विरुद्धाहाराचा इशाराही आहे. माशाला खाऊ घालण्याविषयी सविस्तर लिहिणारा पहिला ठळक ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’. त्यातील ‘मत्स्यविनोद’ या भागात समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले मासे, त्यांच्या सवयी आणि कोणत्या माशाला कोणते आमिष चालते याची माहिती आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या भागावर अभ्यासपूर्ण लेख लिहून तो आधुनिक अभ्यासकांपुढे आणला. पण सोमेश्वराचे प्रकरण गळ टाकणाऱ्या राजाच्या करमणुकीसाठी आहे. त्यातले खाणे माशाला जवळ आणण्यासाठी दिलेले आहे.

माशाला निव्वळ खाऊ घालण्याची रीत देवस्थानांच्या डोहांवर होती आणि आजही आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून सांभाळलेले मासे आहेत. भाविक कुरमुरे टाकतात, मासे वर येतात, आणि त्यांना कोणी पकडत नाही. अशा डोहांनी नदीतले मोठे मासे टिकवले, ही त्यांची कामगिरी लहान नव्हे. मात्र तिथेही उपचाराची भावना नाही. देवाचा मासा आजारी पडला तर त्याला काय द्यावे, असा प्रश्न त्या श्रद्धेत उद्भवत नाही.

माशाला वनस्पती देण्याची खरी जुनी परंपरा विषाची आहे. चैत्र-वैशाखात सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या आटतात आणि पाणी डोहाडोहांत साचून राहते. अशा वेळी गेळाची फळे किंवा रामेठ्याची साल दगडावर ठेचून तो लगदा डोहात कालवला की थोड्या वेळाने मासे गुंगल्यासारखे पृष्ठभागावर येऊन तोंड वासतात आणि हाताने किंवा झोळीने गोळा करता येतात. गेळ म्हणजे वैद्यांचे मदनफळ. वमनासाठी आयुर्वेदात त्याचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. खाडीकाठच्या कांदळवनातील गेवा या झाडाचा चीक डोळ्यांना इतका घातक की लाकूडतोडे त्याच्यापासून जपून राहतात. तो चीकही मासे गुंगवण्यासाठी वापरात होता. काकमारीच्या फळांत पिक्रोटॉक्सिन हे मज्जासंस्थेवर काम करणारे विष असते. त्याने मारलेला मासा खाणाऱ्यालाही धोका असतो. गेळाच्या फळाची गोष्ट वेगळी आहे. त्यातील सॅपोनिन पाण्यात फेस धरते, माशाच्या कल्ल्यांच्या नाजूक पडद्याला इजा करते आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते. माणसाच्या आतड्यातून ते फारसे शोषले जात नाही, म्हणून असा मासा खाऊन सहसा बाधत नाही. ही निवड आंधळी नव्हती. कोणते झाड माशाला लागते आणि माणसाला लागत नाही, हे लोकांनी अनुभवाने पारखून ठेवले होते.

ब्रिटिश अमलात या रीतीकडे सरकारचे लक्ष गेले. फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरने देशभरातील गोड्या पाण्यातील मासेमारीची पाहणी करून १८७३ मध्ये अहवाल दिला. पाण्यात विष कालवल्याने माशांची पिल्लेही मरतात आणि नदी ओस पडते, ही त्यातील मोठी तक्रार होती. पुढे १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग अधिनियमात पाण्यात विष घालून मासे मारणे हा गुन्हा ठरला. स्फोटके लावून मासे मारण्यावरही त्याच कायद्याने बंदी आली. मधल्या काळात, १८८० मध्ये, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीवरचा दहावा खंड निघाला. त्यात गाबीत, खारवी, दालदी, भोई यांच्या मासेमारीची, जाळ्यांची आणि माशांच्या जातींची नोंद आहे. मासा त्यात पकडायची गोष्ट आहे. पाळायची गोष्ट म्हणून तो कोकणच्या नोंदींत ठळकपणे यायला आणखी जवळपास शतक जावे लागले.

माणसांसाठीच्या वनौषधींची नोंद याच सुमारास व्यवस्थित होऊ लागली. मुंबईत विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातील औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, आणि वॉर्डन व हूपर यांच्यासह ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ १८९० ते १८९३ या वर्षांत तीन खंडांत सिद्ध केला. मराठीत वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘वनौषधी गुणादर्श’ लिहिला, वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधीसंग्रह’ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आला. पुढे माशांवर प्रयोग करणाऱ्या संशोधकांनी निवडलेल्या बहुतेक वनस्पती याच परंपरेतल्या आहेत. म्हणजे औषधकोश तयार होता, फक्त रोगी नव्हता.

रोगी का नव्हता, याचे कारण पाण्यातल्या गर्दीत आहे. कोकणात खाऱ्या पाण्याकाठी बांध घालून मिळवलेल्या खारजमिनीत पावसाळ्यात भात होई. बांधाला असलेल्या उघाडीतून भरतीचे पाणी आत घेतले की त्याबरोबर बोय, काळुंदर, जिताड्याची पिल्ले आणि कोळंबी आत येई, आणि ओहोटीला उघाडीशी जाळे लावून ती पकडली जाई. गोव्यातल्या खाजणांतही हीच रीत होती आणि आहे. रायगडात अलिबाग-पेणच्या बाजूला खाडीतून आणलेली जिताड्याची पिल्ले शेतालगतच्या तळ्यांत सोडून वर्ष-दोन वर्षे वाढवण्याची पद्धत जुनी आहे. या सगळ्यात बाहेरचे खाद्य फारसे नसते आणि पाण्यात मासे विरळ असतात. मासा आजारी पडला तरी तो एकटा पडतो, पक्ष्याच्या तोंडी जातो, साथ पसरत नाही. साथ पसरायला एका जातीचे हजारो जीव थोड्या पाण्यात, रोज खाद्य टाकून, दाटीने ठेवावे लागतात. ती परिस्थिती आधुनिक मत्स्यशेतीने निर्माण केली.

तिची सुरुवात बीजापासून झाली. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात वाढतात पण तिथे सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून बीज नदीतून गोळा करावे लागे. १९५७ मध्ये कटकला हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि हवे तेव्हा, हवे तितके बीज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. मुंबईत १९६१ मध्ये केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था स्थापन झाली. १८ मे १९७२ रोजी दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ उभे राहिले. पुढे त्याला बाळासाहेब सावंत यांचे नाव मिळाले. रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र याच विद्यापीठाच्या छत्राखाली आले, आणि १९८१ मध्ये शिरगावला मत्स्य महाविद्यालय सुरू झाले. महाराष्ट्रातले ते पहिले मत्स्य महाविद्यालय. त्याआधी रत्नागिरीचा मुलगा मासेमारी बापाकडून शिकत होता. आता माशाचे पोषण, रोग आणि पाण्याचे रसायन हे परीक्षेचे विषय झाले.

या टप्प्यावर वनस्पती माशांच्या तळ्यात पुन्हा शिरली, ती मात्र जुन्याच भूमिकेत. तळ्यात बीज सोडण्याआधी आतले नको असलेले, भक्षक मासे काढून टाकावे लागतात. त्यासाठी मत्स्यशास्त्राने शिफारस केली मोहाच्या पेंडीची. मोहाच्या बियांचे तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीत मोवरिन हे सॅपोनिन असते. एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी २,००० ते २,५०० किलो पेंड भिजवून पसरली की काही तासांत मासे मरतात. दोन-तीन आठवड्यांत विषाचा अंश ओसरतो आणि उरलेली पेंड तळ्याला खत म्हणून लागू पडते. कोळंबीच्या तळ्यांत चहाच्या बियांची पेंड वापरतात, कारण तिच्यातले सॅपोनिन माशांना ज्या मात्रेत मारते त्या मात्रेत कोळंबीला फारसे काही करत नाही. डोहात गेळ ठेचून टाकणाऱ्याचे ज्ञान आणि पाठ्यपुस्तकातली ही शिफारस यांत मूळ तत्त्व एकच आहे. फरक मात्रेचा, मोजमापाचा आणि नंतर त्या पाण्याचे काय करायचे याच्या विचाराचा आहे. पुढचा सगळा प्रवास समजून घ्यायला हा टप्पा महत्त्वाचा आहे, कारण वनस्पती म्हणजे निरुपद्रवी असा जो समज आज खाद्य विकताना रुजवला जातो, त्याचे उत्तर याच पेंडीत आहे.

दाटीने वाढवलेल्या माशांवर संकटे यायला वेळ लागला नाही. १९८८ मध्ये ईशान्य भारतातून माशांच्या अंगावर खोल व्रण पाडणारी साथ देशात शिरली आणि काही वर्षांत बहुतेक राज्यांत पसरली. अफॅनोमायसिस या बुरशीसदृश जिवामुळे ती होते, हे पुढे निश्चित झाले. शेतकऱ्यांनी चुना आणि हळद एकत्र करून तळ्यात टाकून पाहिली. आसाम-बंगालच्या बाजूला हा उपाय बराच चालला. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने ‘सिफॅक्स’ हे रासायनिक औषध काढले. घरच्या हळदीने पाण्यातल्या माशावर उपचार करण्याचा हा बहुधा पहिला मोठा लोकप्रयोग, आणि तो प्रयोगशाळेतून न येता तळ्याकाठून आला, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे.

कोळंबीवरचा घाला जास्त जबर होता. १९९० नंतर निर्यातीच्या आशेने किनारपट्टीवर टायगर कोळंबीची तळी वेगाने खोदली गेली. १९९४-९५ मध्ये पूर्व किनाऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुरोग आला. कवचावर पांढरे ठिपके दिसू लागल्यापासून तीन ते दहा दिवसांत अख्खे तळे संपते, आणि विषाणूवर औषध नाही. पुढे पश्चिम किनाराही त्यातून सुटला नाही. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारी भागातील कोळंबीशेतीवर कडक निर्बंध घालणारा निकाल दिला. त्यातून पुढे २००५ चा किनारी जलसंवर्धन प्राधिकरण कायदा आला. २००९ पासून टायगर कोळंबीच्या जागी पॅसिफिक महासागरातली व्हेनामी कोळंबी आली. जात बदलली, गर्दी वाढली, रोगाची भीती तशीच राहिली.

भीती असली की माणूस हाताला येईल ते औषध वापरतो. माशांसाठी औषध खाद्यातून देण्याची कल्पना अमेरिकेत १९४० च्या दशकात ट्राउट माशांना सल्फा औषधे देण्यापासून सुरू झाली होती. त्यानंतर ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके जगभर माशांच्या खाद्यात आली. नॉर्वेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस सामन माशांना लसी टोचायला सुरुवात केली आणि वर्षाला सुमारे ५० टनांवर गेलेला प्रतिजैविकांचा वापर काही वर्षांत एक-दोन टनांवर आणला. पण कोळंबीला लसीचा तसा उपयोग नाही. तिच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. जखम झाली तर काळे रंगद्रव्य साकळवणारी आणि जंतू गिळणाऱ्या पेशींची जन्मजात यंत्रणा हाच तिचा आधार. २००१ मध्ये युरोपीय संघाला आशियातून आलेल्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉलचे अंश सापडले आणि माल परत येऊ लागला. त्यानंतर भारतात क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान आदी औषधांवर मत्स्यशेतीत बंदी आली. २०१६ मध्ये युरोपने भारतीय संवर्धित कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. तळ्यात घातलेल्या औषधाचा हिशेब आता परदेशी बंदरात द्यावा लागत होता. वनौषधी मत्स्यखाद्यात आली ती या पेचातून. परंपरेचा अभिमान हे तिचे कारण नव्हते, अंश न ठेवणारे औषध हवे होते.

संशोधनाला गती आली ती २००० च्या आगेमागे. तमिळनाडूतील संशोधकांनी तुळशीच्या पानांचा अर्क तिलापियाची प्रतिकारशक्ती वाढवतो का हे तपासून २००० मध्ये निष्कर्ष मांडले. २००६ मध्ये गुळवेलीवरचा अभ्यास आला. वैद्य गुळवेलीचे खोड वापरतो, या प्रयोगात पाने वापरली होती. माणसाच्या औषधकोशातला वापर माशाला जसाच्या तसा लागू करता येत नाही, याचे हे एक साधे उदाहरण. त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठातून आघाड्याच्या बियांचा रोहूवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. खाद्यात ०.०१ ते ०.५ टक्के इतक्या अल्प प्रमाणात बी मिसळले होते. २००६ मध्येच दूर्वा, बेल, गुळवेल, कुटकी आणि माका या पाच वनस्पतींचे अर्क टायगर कोळंबीला खाऊ घालून पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूपुढे ती किती टिकते हे पाहिले गेले. तमिळनाडूतल्याच मेलविशारमच्या संशोधकांनी एकट्या दूर्वेच्या अर्कावर काम करून २००८ मध्ये उत्साहवर्धक निष्कर्ष दिले. कोकणात श्रावणात देवघरासाठी आघाडा-दूर्वा खुडून आणण्याची सवय घरोघरी आहे. तीच दोन तणे मत्स्यविज्ञानाच्या नियतकालिकांत गंभीर अभ्यासाचा विषय झाली. २००९ मध्ये स्कॉटलंडमध्ये ट्राउट माशांना शंभर ग्रॅम खाद्यात अर्धा ते एक ग्रॅम लसूण चौदा दिवस दिली, तेव्हा जंतू टोचल्यानंतरचे मृत्यू ४ टक्क्यांवर राहिले. लसूण न दिलेल्यांत ते ८८ टक्के होते. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतील संशोधकांनी २०१० मध्ये अश्वगंधेच्या मुळांचा रोहूवरचा अभ्यास प्रसिद्ध केला.

या प्रयोगांची पद्धत बरीचशी सारखी असते. बोटाएवढी रोहूची पिल्ले टाक्यांत वाटून घेतात. एका गटाला साधे खाद्य, बाकीच्यांना तेच खाद्य पण वनौषधीच्या चढत्या मात्रेसह. चाळीस ते साठ दिवसांत ठरावीक अंतराने काही पिल्लांना लवंगेच्या तेलासारख्या द्रव्याने गुंगी देऊन शेपटीच्या शिरेतून रक्त काढतात. त्या रक्तात फिकट पिवळे एनबीटी रंगद्रव्य मिसळले की जंतू गिळायला सज्ज झालेल्या पांढऱ्या पेशी त्याचा गडद निळा अवक्षेप करतात. निळा जितका गडद तितक्या पेशी जास्त जाग्या. रक्तद्रवातले लायसोझाइम हे जंतूंची भिंत विरघळवणारे विकर मोजतात. शेवटी सगळ्या गटांना एरोमोनास हायड्रोफिला हा जंतू पोटात टोचतात आणि किती मरतात, किती वाचतात हे मोजतात. अशा अभ्यासांत वारंवार एक गोष्ट दिसली आहे. मात्रा वाढवत नेली की परिणाम काही हद्दीपर्यंत वाढतो आणि पुढे खाली येतो. सर्वांत मोठी मात्रा क्वचितच सर्वांत चांगली ठरते.

रत्नागिरीच्या दृष्टीने या सगळ्यांतला सर्वांत लक्ष वेधणारा प्रयोग आंब्याच्या कोयीचा आहे. कौसल्यागंगेच्या संस्थेतील संशोधकांनी कोयीच्या आतल्या गराची पूड किलो खाद्यास १, ५ आणि १० ग्रॅम अशा मात्रांत रोहूच्या पिल्लांना साठ दिवस दिली. पूड खाल्लेल्या पिल्लांची प्रतिकारशक्ती वाढलेली दिसली आणि जंतू टोचल्यावर ती जास्त संख्येने वाचली. हा अभ्यास २००७ चा. त्याच गटाने पुढच्या वर्षी हळदीवर काम केले. आयुर्वेदात आम्रबीज अतिसारावर दिले जाते. कोयीत टॅनिन आणि इतर पॉलिफेनॉल भरपूर असतात आणि तिचा जंतुरोधक गुण त्यांच्यात आहे. ओडिशात हा प्रयोग झाला त्या काळात रत्नागिरीच्या कॅनिंग कारखान्यांच्या मागे हापूसच्या कोयींचे ढीग दर मे महिन्यात लागत होते, आजही लागतात. रस काढला की साल आणि कोय उरते. काही कोयी कलमांच्या रोपांसाठी जातात, बाकीच्या कुजतात. जिल्ह्याच्या मुख्य फळाचा टाकाऊ भाग आणि जिल्ह्याच्या मुख्य जलधनाची गरज यांची गाठ घालण्याची संधी इतकी स्पष्ट आहे की तिच्याकडे दुर्लक्ष होणे खटकते.

औषध खाद्यात घालण्याचे तंत्र वाटते तितके सोपे नाही. कार्प माशांचे कोकणातले साधे खाद्य म्हणजे भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समभाग. ते पाण्यात फेकले की निम्मे विरघळते, आणि त्यातली औषधी पूड माशाच्या पोटात जाण्याऐवजी पाण्यात जाते. म्हणून पूड बारीक चाळून, शिजवलेल्या पिठाच्या खळीत किंवा जिलेटिनमध्ये मळून, शेवेसारखी यंत्रातून काढून, सावलीत सुकवून गोळीखाद्य करतात. तयार गोळीखाद्य असेल तर अर्क तेलात खलून त्यावर फवारतात, म्हणजे वर पातळ लेप बसतो. उष्णतेचा प्रश्न वेगळाच. तुळस-लसणीतली उडून जाणारी द्रव्ये कारखान्याच्या वाफेत टिकत नाहीत, तर हळदीतले करक्युमिन उष्णतेपेक्षा उन्हाने लवकर खराब होते. त्यामुळे कोणती वनस्पती आधी मिसळायची आणि कोणती शेवटी लेपायची, हे प्रत्येकीचे वेगळे ठरते. कडूपणाही आड येतो. कडू खाद्य मासा तोंडात घेऊन परत टाकतो, आणि न खाल्लेले खाद्य तळाशी कुजून पाण्यातला प्राणवायू खाते.

धोके इथेच संपत नाहीत. कडुनिंबाचा अर्क जंतूंना मारतो, पण जास्त झाला तर माशाच्या कल्ल्यांना आणि यकृतालाही बाधतो. टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवते. त्याने वाढ खुंटते. सॅपोनिनचे काम तर डोहातल्या गेळाने शतकानुशतके दाखवून दिलेले आहे. शिवाय वनस्पती गोळीसारखी एकजिनसी नसते. पावसाळ्यातली गुळवेल आणि फाल्गुनातली गुळवेल यांत द्रव्यांचे प्रमाण बदलते, जमीन बदलली की बदलते. बहुतेक निष्कर्ष काही ग्रॅम वजनाच्या पिल्लांवर, स्वच्छ टाकीत, टोचलेल्या जंतूवर मिळालेले आहेत. तळ्यात जंतू एकटा येत नाही. मुसळधार पावसाने पाण्याचा सामू घसरतो, खाऱ्या पाण्याची क्षारता एका रात्रीत उतरते, ढगाळ हवेत प्राणवायू कमी पडतो, आणि या ताणात रोग शिरतो. कोकणची जांभी माती आम्लधर्मी. तिथे चुना न घालता तळ्यात कोणतीही औषधी पूड ओतली तरी ती वाया जाण्याचीच शक्यता जास्त. पाणी, बीज आणि दाटी हे तीन सांभाळल्यानंतर वनौषधीचा क्रम लागतो. त्याआधी तिला रोगाचा उतारा म्हणून विकणे ही शेतकऱ्याची फसवणूक आहे.

२०१६ मध्ये महाराष्ट्रात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि मासे पाळण्याचे पाणी खाजणांच्या पलीकडे डोंगरउतारांवरही पोहोचले. जांभ्यात पाणी मुरते म्हणून कोकणातल्या शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर लागते, आणि अस्तराच्या तळ्यात मातीतून येणारे नैसर्गिक खाद्य जवळपास नसते. मासा पूर्णपणे वरून टाकलेल्या खाद्यावर जगतो. म्हणजे खाद्यात काय आहे याचे महत्त्व इथे खाडीकाठच्या तळ्यापेक्षाही जास्त. किनारी भागात २०२३ च्या दुरुस्तीने प्राधिकरणाच्या कायद्याची कक्षा वाढली असून पिंजऱ्यातले आणि शेवाळाचे संवर्धनही तिच्यात आले आहे. प्रतिजैविकमुक्त उत्पादनाची अटही ठाम आहे.

स्थानिक वनस्पती वापरायच्या तर त्यांचे वेळापत्रक सांभाळावे लागते. आंब्याचा हंगाम मे अखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात सरतो आणि पाऊस दारात उभा असतो. तळ्यांत बीज जुलै-ऑगस्टमध्ये सुटते. मधल्या दिवसांत कोय फोडून, गर काढून, वाळवून, दळून ठेवावी लागते. ओल राहिली तर दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते आणि ॲफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. ते माशाच्या यकृतावर हल्ला करते आणि प्रतिकारशक्तीच खच्ची करते. म्हणून कोयीचा गर उन्हात खडखडीत वाळवून, पावसाआधी हवाबंद डब्यात भरणे आणि वास किंवा रंग बदललेली पूड माशांना न देता फेकून देणे, ही या औषधाची पहिली अट आहे.